पश्चिमेची खिडकी

कळमनुरीजवळच्या सासरी मी आले ती कोकणातून, समुद्रकाठच्या घरातून. माझे मामा हिंगोलीला मास्तर होते, त्यांनी हे स्थळ सुचवलं. निजामाच्या राज्यात कुठे मुलगी देता, असं लोक म्हणाले. माणसं चांगली निघाली, घरही खाऊनपिऊन सुखी. पण स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. जाड मातीच्या भिंती आणि धाब्याच्या छतात धुरासाठी वीतभर झरोका, एवढंच.

माहेरी दुपार झाली की पश्चिमेकडून गार, खारा वारा घरात शिरायचा. तो मिळाला नाही तर मी इथे जगायचीच नाही, असं मला अगदी मनापासून वाटे. मी हट्ट धरला, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी पाडा.

सासूबाई म्हणाल्या, "काहून? चोराला वाट करून द्यायची हाय का?"

यांनी तर मला भूगोलच शिकवायला घेतला. "समुद्राकाठी जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. म्हणून दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडं येतो. इथं चहूकडं जमीनच. कोण कोणाकडं येणार? पावसाळी वारासुद्धा घाट चढताना बरंचसं पाणी तुमच्याकडंच सांडून येतो."

"भिंत फोडायचा कंटाळा, म्हणून एवढा भूगोल," मी म्हटलं.

शेवटी कटकट नको म्हणून मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दिवाळीनंतर भिंत फोडून दिली. हिवाळाभर मी तोऱ्यात होते. त्या दिवसांत वारा पूर्वेचा. पुढल्या दारातून शिरून चुलीचा धूर घेऊन तो माझ्या खिडकीतून बाहेर पडायचा. सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी थांबलं. त्यांचा पाट गुपचूप खिडकीशी सरकला. मी मात्र यांना ऐकवायची एकही संधी सोडली नाही.

चैत्र लागला आणि वारा फिरला. दुपारी पश्चिमेकडून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ यायची. धूर उलटा घरात, खळ्यावरचं भूस पिठात आणि भाकरीत माती. मामंजी जेवताना घास चावून थांबले आणि म्हणाले, "सूनबाईचा समुद्र आला वाटतं."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला रडू येत होतं. दिशा तीच होती, आणि त्या वाऱ्यात माझं माहेर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामंजी दगड आणि कालवलेला चिखल घेऊन आले. मी मुकाट्याने बाजूला झाले. सासूबाई भाकरी थापत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "बुजवायची न्हाई."

"मग रोज माती खायची का?"

"उन्हाळ्यापुरती फळी लावा. अन् धुरासाठी पूर्वेला एक पाडा."

"एवढी तकलीफ कशापायी?"

सासूबाईंनी हाताचं पीठ झटकलं. "लेकरू एवढ्या लांबून आलं. माहेरचं म्हणून तिचं या घरात एवढंच हाय."

मामंजींनी दगड खाली ठेवले. चिखल वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो गोठ्याच्या भिंतीला लिंपला आणि कुदळ घेऊन पूर्वेकडे गेले. मला इतका आनंद झाला की त्या रात्रीच्या भाकरी मी करपवल्या, आणि सगळ्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या.