नेजियाचा तिसरा भाग

ट्युनिशियातल्या केफ गावी मोठ्या शाळेसमोर नेजियाचं झेरॉक्सचं दुकान आहे, सव्वीस वर्षांपासून. मे महिना लागला की बाकालोरियाला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बसणारी सगळी पोरं तिच्या दारात उभी राहतात आणि यंत्रातून तत्त्वज्ञानाचे निबंध गरमागरम बाहेर पडतात. खोटं बोलणं कधी योग्य असतं का? अन्यायी कायदा पाळावा का? निबंधाची रीत ठरलेली आहे. पहिल्या भागात हो म्हणायचं, दुसऱ्यात नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यात दोन्हींचा समेट घडवायचा.

नेजिया स्वतः एकोणिसाव्या वर्षी याच पेपरात आपटली होती. सूड घेणं न्याय्य आहे का, असा प्रश्न होता. तिने तळमळून चार पानं नुसतं 'नाही' लिहिलं. वीसपैकी चार मिळाले, आणि शेरा : 'दुसरी बाजू कुठे आहे?' तो शेरा तिला असा काही झोंबला की पुढे तिने दुसरी बाजू कधी सोडलीच नाही. बाजारात टरबूज घ्यायला गेली तर आधी टरबुजाच्या बाजूने बोलायची, मग विरुद्ध. तोवर टरबूजवाला तेच टरबूज दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळा व्हायचा. तिची थोरली बहीण म्हणायची, "हिच्या घराला आग लागली ना, तर ही आधी आगीचं म्हणणं ऐकून घेईल."

अशा बाईला लमजद बेकरीवाल्याने मागणी घातली.

लमजदची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सोमवारी भुवयांवरचं पीठही न झटकता तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला.

"लेल्ला नेजिया," त्याने अदबीने हाक मारली, "तुम्ही एकट्या, मी एकटा. लग्न करू या? हो की नाही?"

"असं एकदम कसं सांगू, सी लमजद?" तिनेही तितक्याच अदबीने विचारलं.

"मग कसं सांगणार?"

"लिहून सांगते."

"लिहून!" तो हसला, पण कपाळाचा घाम पुसायचं त्याला सुचलं नाही. "शुक्रवारच्या आत लिहा. ट्युनिसहून लेक येतेय. म्हणते, बेकरी विका आणि माझ्याकडे राहायला चला. तुम्ही नाही म्हणालात तर मी जातो. इथे मग कशाला राहू?"

त्या दुपारी शटर अर्धं ओढून नेजिया लिहायला बसली. वर विषय घातला : 'आपलं घर दुसऱ्याबरोबर वाटून घेणं हे माणसाचं कर्तव्य आहे का?' पहिल्या भागात हो. उदाहरणादाखल एक माणूस : चांगले पाव गावाला देतो आणि करपलेला तेवढा स्वतःला ठेवतो. असा माणूस एकटा जेवत असेल तर अख्ख्या समाजाने मान खाली घालावी. दुसऱ्या भागात नाही. उदाहरणादाखल एक बाई : पलंगावर आडवीतिडवी झोपते, वाटेल तेव्हा खिडकी उघडते, आणि तिला कुणी विचारत नाही, का उघडलीस? दोन्ही भाग इतके झकास उतरले की नेजियाला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मग तिने 'म्हणून' असा शब्द लिहिला आणि पेन तिथेच थांबलं.

यंत्रातून निघालेल्या कागदावर पाहिलं तर काही सुचेल, म्हणून तिने एक प्रत काढायचं ठरवलं. पण मे महिन्यात नेजियाच्या बोटाला एक हा आकडाच ठाऊक नव्हता. बोटाने सवयीने चाळीस दाबले. ती आत कॉफी टाकून परत आली, तोवर अर्ध्या शटरखालून शिरून पोरांनी ट्रे रिकामा केला होता.

केफमध्ये पोरांची पक्की समजूत आहे : परीक्षेच्या तोंडावर नेजियाच्या ट्रेमध्ये जे सापडेल, तेच पेपरात येणार. बुधवारपर्यंत तो निबंध गावभर झाला. गुरुवारी तत्त्वज्ञानाच्या सी अब्देलमजीद सरांनी तो वर्गात शिकवला, तेरा गुण दिले आणि सांगितलं, "उदाहरणं जिवंत आहेत. पण तिसरा भाग नाही. लिहिणारा घाबरट आहे."

शुक्रवारी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"मावशी, तिसरं पान कुठंय?"

"मावशी, मी लिहिलाय! घर वाटावं, पलंग वाटू नये."

"गाढवा, मग ती धर्मशाळा झाली!"

"खिडकीवर दोघांनी मतदान घ्यावं."

"दोघांत कसलं मतदान? रोज बरोबरीच!"

नेजियाचे कान तापले होते. काउंटरला दोन्ही हातांनी धरून ती उभी होती. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत लमजद आत आला. हातात तोच कागद.

"बेकरीच्या रांगेत सगळे मोठमोठ्याने वाचतायत," तो म्हणाला. "करपलेला पाव खाणारा मीच ना?"

मागून कुणीतरी किंचाळलं, "अगं बाई, हे खरंखुरं आहे!"

"मी सहावीपर्यंत शिकलोय," लमजद म्हणाला. "पहिला भाग वाचला, पटला. दुसरा वाचला, तोही पटला, म्हणून तर जीव घाबरा झाला. तिसरा यंत्राने खाल्ला का? लेक बेकरीत येऊन बसलीये."

"आम्ही सांगतो, सी लमजद!" चार वह्या पुढे आल्या.

"तुमचा नको. यांचा पाहिजे."

नेजियाने तोंड उघडलं. 'एकीकडे...' असं म्हणायला जीभ वळली होती. समोर त्याच्या पांढऱ्या भुवया, त्यांच्याखाली घाबरलेले डोळे. तिच्या पोटातून हसू उसळलं, कितीतरी वर्षांत उसळलं नव्हतं असं, आणि त्या हसण्यातच शब्द सुटला.

"हो."

"कारणं?" दारातून सी अब्देलमजीद सरांचा आवाज आला. गोंगाट ऐकून तेही आले होते.

"नाहीत, सर. गुण कापा!"

पोरींनी जीभ फिरवून लग्नातला असा उलूलू केला की पलीकडची कबुतरं उडाली. कुणी वह्या हवेत फेकल्या, कुणी लमजदला मिठी मारून पिठाने पांढरं झालं. तो मात्र हललाच नाही. गाव त्याच्याभोवती नाचत होतं आणि तो अगदी कामाची गोष्ट विचारावी तसं विचारत होता, "पण कुणाच्या घरात राहायचं? माझ्या की तुमच्या?"

पोरं लगेच दोन गटांत फुटली. बेकरीचं घर मोठं! मावशीच्या घराला ऊन जास्त! सरसुद्धा हात वर करून, विषय आधी नीट मांडा, असं ओरडायला लागले.

"माझ्या," नेजिया म्हणाली.

"बरं," लमजद म्हणाला, आणि लेकीला सांगायला धावत सुटला.