तेवीस लाल दोरे

धानाच्या लोंबीला तेविसावा लाल दोरा बांधून झाला तेव्हा सव्वाचार वाजले होते. सुभद्राबाई बांधावर उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवले नाही.

"काऊन साहेब, दोरे कायले बांधून राहिले? नजर लागली काय माझ्या धानाले?"

"भेसळ आहे, बाई."

"भेसळ?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "तीनदा फिरली मी या बांधीतून. उपटून उपटून बोटं सोलली. आता भेसळ आली कुठून?"

माझे काम बियाण्याचे प्लॉट तपासण्याचे. पेरणीसाठी विकायचे धान, म्हणजे भात, एकाच वाणाचे असावे लागते. मधेच दुसऱ्या वाणाचे झाड उगवले की आम्ही त्याला भेसळ म्हणतो. दोन एकरांच्या प्लॉटमध्ये पाच जागा निवडायच्या आणि प्रत्येक जागी हजार लोंब्या पाहायच्या. पाच हजारांत भेसळीच्या दहा लोंब्या चालतात. त्याहून जास्त निघाल्या तर एकदा फेरमोजणी करायची. तिथेही जास्त निघाल्या तर प्लॉट रद्द. धान खायला चांगलेच असते, पण पोत्याला प्रमाणित बियाण्याचे निळे लेबल लागत नाही.

या वाणाच्या दाण्याचे टोक हिरवट असते. शेजारच्या बांधीत, म्हणजे खाचरात, जांभळ्या टोकाचा वाण होता. माझ्या तेवीस लोंब्यांची टोके काळपट दिसत होती. मला शंका उरली नव्हती.

"तो रंग नोहे, साहेब," सुभद्राबाई म्हणाल्या. "फुलाचं मेलेलं हाये ते. काल शिंतोडा आला, चिकटून बसलं."

या नोकरीत सव्वीस वर्षे झाली. रद्द होणाऱ्या प्रत्येक प्लॉटच्या मालकाकडे काही ना काही कारण असते. मी वहीत लिहिले: तेवीस.

गोष्ट एवढ्या एका बांधीची नव्हती. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात अकरा बायांचा बचत गट आहे. बियाणे करायचे सर्वांच्या मनात होते. पण दहा जणी म्हणाल्या होत्या, आधी सुभद्राचे पाहू. त्यांचा प्लॉट पास झाला तर पुढच्या वर्षी सगळ्या करणार होत्या. नापास झाला तर विषय संपला. सुभद्राबाईंचे दीर सायकल थांबवून माझे दोरे मोजत होते. जाता जाता म्हणाले, "वहिनी, खायचंच धान बरं होतं!"

सुभद्राबाई वाकून एकेक दोरा पाहू लागल्या. तेच मला जास्त लागले.

तिथूनच गोंदियाला आमच्या साहेबांना फोन केला.

"तेवीस? लिमिट दहाची आहे. फिर क्या सोच रहे हो? रिजेक्ट लिहा."

"फेरमोजणी करावी लागेल, सर. नियम आहे."

"करा. उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट टेबलवर."

संध्याकाळी मुर्रीला घरी आलो. आमच्या घरी दोन वर्षांपासून एक छंद आहे. तो माझा नाही, सौ.चा आहे. शर्टच्या गुंडीएवढे एक भिंग असते. ते चिमट्याने मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बसते. त्याने जवळची वस्तू प्रचंड मोठी दिसते. शेवग्याचे फूल, तुळशीची मंजिरी, मिठाचा खडा, काडेपेटीतल्या काडीचे डोके, असे काहीही ती टिपते. मी एकदा विचारले होते, "मिठाच्या खड्यात पाहायचे काय?" ती म्हणाली होती, "वरण खारट झालं की तुम्हालाच ते बरोबर दिसतं ना?"

त्या संध्याकाळी तिने सगळे ऐकून घेतले आणि तो चिमटा माझ्यापुढे ठेवला.

"घेऊन जा. बाई म्हणतात तसं आहे की नाही, दिसेल तरी. आणि चार वाजता कायले जाता तुम्ही फूल पाहायला? फुलं सकाळी पाहतात."

हे मला माहीत होते. धानाचे फूल साधारण दहा ते बाराच्या दरम्यान उघडते, तासाभरात मिटते. पण आमची तपासणी फुलाच्या वेळेवर चालत नाही. ऑफिसची गाडी रिकामी होते त्या वेळेवर चालते.

"फोन हलवू नका," ती म्हणाली. "स्वतः पुढंमागं व्हा. वारा थांबेपर्यंत थांबा. आणि श्वास रोखा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजून वीस मिनिटांनी मी बांधीत बसलो. उभा राहिलो नाही, बसलो. सव्वीस वर्षांत मी धान बहुधा कमरेच्या उंचीवरूनच पाहिले आहे. फोन लोंबीपासून दोन बोटांवर आणला. पडद्यावर सगळे धूसर. अर्धा सेंटिमीटर पुढे गेलो, पुन्हा धूसर. वारा थांबला. श्वास रोखला. मग एकदम दिसले.

तांदळाच्या दाण्याएवढे टरफल मधोमध उघडलेले. आतून सहा बारीक दोरे बाहेर आलेले, प्रत्येकाच्या टोकाला परागाची फिकट पिवळी पिशवी. मी मोजल्या. पुढच्या फुलात पुन्हा मोजल्या. सहाच. तळाशी दोन पांढरे पिसारे होते, कोंबडीच्या पिलाच्या पिसासारखे, पण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना तिथे काही आहे हेही कळू नये. पिवळ्या भुकटीचे कण त्यांच्यावर अडकलेले होते. ताटातला प्रत्येक दाणा इथून जातो. पुस्तकात हे सगळे मी वाचले होते, परीक्षेत आकृती काढून गुणही मिळवले होते. पाहिले मात्र त्या दिवशी. मी कामाला आलो आहे हे पाचेक मिनिटे विसरलो, हे मान्य करतो.

मग पहिल्या लाल दोऱ्याकडे गेलो. फोटो काढून मोठा केला. टोक हिरवट होते. त्याला वाळून तपकिरी झालेली पिशवी चिकटली होती. फुलाचे मेलेले. दुसऱ्या दोऱ्याला तेच. तिसऱ्याला टोकच जांभळे, टरफलाच्या आतून रंगलेले. ती खरी भेसळ होती.

तेवीस दोरे, तेवीस फोटो. सतरा जागी वाळलेल्या पिशव्या. सहा जागी भेसळ.

सुभद्राबाई माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. "आता पटलं? अन् एवढं यंत्र कायले पाहिजे? बोटाले थुका लावा अन् पुसा. निघालं तर फूल, नाही निघालं तर भेसळ."

मी करून पाहिले. सतरा निघाली, सहा निघाली नाहीत. बोटाचे आणि फोटोचे उत्तर एकच होते. फरक इतकाच की बोटाचे उत्तर रिपोर्टला जोडता येत नाही.

मी त्यांना उघड्या फुलाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, पदराने पडद्यावर सावली केली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"पंधरा वर्षांची होती तवापासून रोवणी करून राहिली मी," त्या म्हणाल्या. "याचं तोंड आज पाहिलं."

फेरमोजणी तरीही पूर्ण केली. नव्या पाच जागा, नव्या पाच हजार लोंब्या. प्रत्येक संशयाला आधी बोट, मग फोटो. दीड वाजता संपली. सात निघाल्या. दहाच्या आत.

साहेबांनी रिपोर्ट वाचण्याआधी जोडलेले फोटो पाहिले.

"ये क्या है? चमेली?"

"धान आहे, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "अपना धान?" आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "कमाल है. तीस साल से इसी की रोटी खा रहा हूँ." मग सही केली.

सुभद्राबाईंच्या पोत्यांना निळे लेबल लागले. पुढच्या खरिपात त्या गावातून बियाण्याच्या प्लॉटसाठी आठ अर्ज आले. अकरा आले असते तर सांगायला बरे वाटले असते, पण आठ आले. आठवा अर्ज दिरांच्या बायकोचा होता.

आता फुलोऱ्यातली तपासणी मी अकराच्या आत सुरू करतो. गाडी नसेल तर मोटरसायकलने जातो. सौ.चा चिमटा परत दिला, स्वतःचा घेतला. पहिल्या दिवशी माझी मोजणी चुकली नव्हती. तेवीस म्हणजे तेवीसच होत्या. मी काय मोजत होतो, ते चुकले होते. म्हणून आमच्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला एवढेच सांगतो: आधी खाली बस, मग मोज.