कडा जेवणात धरत नाहीत

बेकरीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पंचविशीत भट्टीसमोर उभे राहिले, ते पन्नाशी उलटली तरी तिथेच होते. पहाटे येऊन मैदा मळायचा, पाव भट्टीत सारायचे, आणि उजाडल्यावर केक नि क्रीमच्या मागे लागायचं. अंगात लोण्याचा वास इतका मुरला होता की धाकटी बहीण म्हणायची, "दादा, तू पाहुणा म्हणून आलास की आधी मांजरं जमतात, मग माणसं."

क्रीमच्या बाबतीत ते कोणाचंही ऐकत नसत. प्रत्येक घाण्यातलं थोडं क्रीम करंगळीवर घ्यायचं, भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे. मग "जाऊ द्या" किंवा "थांबा", एवढाच निकाल. मालकसुद्धा त्यात तोंड घालत नसे.

केक थंड झाला की त्याच्या चारही बाजू सुरीने सरळ कापून घेत. त्या कडा ट्रेच्या कोपऱ्यात ढकलल्या जात आणि काम करता करता ज्याचा हात जाईल तो उचलून तोंडात टाके. ते खाणं आहे असं त्या खोलीत कोणाच्या मनातही येत नसे. खाणं म्हणजे हात धुऊन, डबा उघडून, बाकावर बसून.

त्यांची बहीण शिवणकाम करायची. बेकरीच्याच गल्लीच्या टोकाला एक खोली, खिडकीशी मशीन, जिभेला मशीनपेक्षा जास्त धार. जुन्या, अंगावर काढलेल्या काविळीने तिचं यकृत सुकत गेलं होतं. आधी डोळे पिवळे झाले, मग पावलं सुजली, मग पोट. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, कोणाच्या तरी यकृताचा तुकडा बसवायला हवा, आणि तो लवकर. तिच्या नवऱ्याचा रक्तगट जुळेना. उस्तादांचा जुळला.

"घ्या की," ते म्हणाले. "एकाच आईच्या पोटातून आलोय. तिचंच काहीतरी माझ्याकडे राहिलं असेल."

पण स्कॅन झाला आणि डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

"दारू घेता?"

"थेंब नाही."

"तरीही यकृतात चरबी आहे. पाचवा हिस्सा तरी."

उस्तादांचा चेहरा पडला. आयुष्यात दारूच्या गुत्त्याची पायरी न चढलेल्या माणसाला हे वर्मी लागलं. ते कडवटपणे म्हणाले, "म्हणजे न पिताच बदनाम झालो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. समोरच्या कागदावर त्यांनी षटकोनी पेशी काढली आणि आत पेनाने टिपके भरत गेल्या. "खाण्यातली चरबी यकृताच्या पेशींकडे येते. त्यांनी ती जाळायची किंवा पुढे पाठवायची. येणं जास्त नि जाणं कमी झालं की ती थेंबाथेंबाने पेशीतच साठते. तुमच्या कामाच्या जागेत कोणी पिपं रचत गेलं तर तुम्ही भट्टीपर्यंत पोचाल का? सगळी चरबी सारखी नसते. लोणी, मार्गारीन म्हणजे ते बेकरीतलं नकली लोणी, अशी गारठ्यात घट्ट होणारी जास्त साठते. साखर तिला हातभार लावते. आणि दुखत तर काहीच नाही, म्हणून कळतही नाही."

"मग असलंच दिलं तर?"

"तिच्या पोटात ते धड चालायचं नाही. तुमचं उरलेलंही भरून यायला वेळ लावेल. मी दोघांना एकदम धोक्यात घालणार नाही."

"जाते का ही चरबी?"

"जाते. पेशी मोकळ्या होतात. पण तुमच्या बहिणीजवळ फार वेळ नाही, एवढं ध्यानात ठेवा."

ते त्यांनी नको तितकं ध्यानात ठेवलं. घरी तेलाची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. बायको भाज्या उकडून द्यायची, त्यातल्या अर्ध्या ते परत करायचे. रात्रीचं जेवण बंद केलं. काम सुटलं की ठणकणारे पाय घेऊन नदीच्या पुलापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. गाल बसले, विजार दोरीने आवळावी लागली. बहिणीकडे जाऊन बसले की दोघंही फारसं बोलत नसत. तिला दम लागे, त्यांना जांभया येत.

पुढचा स्कॅन आला. चरबी जवळपास तेवढीच.

डॉक्टरीणबाई चिडल्या. "काय खाता, खरं सांगा."

"काहीच नाही."

"अहो, खरंच काही खात नाहीत," बायको रडवेली होऊन म्हणाली. "मी समोर असते ना."

"तेही चूक. एकदम उपाशी राहिलात की अंगातली चरबी सुटून आधी यकृताकडेच धावते. वेळेवर, बेताचं जेवा. पण एवढ्यावरून हा आकडा जुळत नाही. काहीतरी पोटात जातंय."

दोघं बसथांब्यावर उभी राहिली. उस्ताद शेवटी म्हणाले, "माझ्या रक्तातच असेल." दुसऱ्या दिवशी बायको डबा द्यायला म्हणून बेकरीत गेली आणि पॅकिंगच्या टेबलाशी स्टुलावर बसून राहिली. पॅकिंगवाल्या बाईंनी तिला खोकी दुमडायला दिली. खोकी दुमडता दुमडता तिची नजर नवऱ्याच्या हातावर होती.

करंगळी क्रीममध्ये गेली. करंगळी तोंडात गेली. सुरी फिरली, कड पडली, कड उचलली गेली. पुन्हा क्रीम. पुन्हा कड.

"अहो," ती उठून म्हणाली, "तोंडात काय आहे?"

"कुठे काय?"

"जे चावताय ते."

उस्ताद थांबले. "कड आहे."

"सकाळपासून किती झाल्या?"

"अगं, कडा कोणी जेवणात धरतं का?"

ते अगदी मनापासून बोलले, आणि बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. खोलीत कोणी हसलं नाही. पॅकिंगवाल्या बाईंचा एक गाल फुगलेला होता, त्यांचंही चावणं थांबलं. लोणी, मार्गारीन, साखर. दिवसभर, रोज, तीस वर्षं. उस्ताद पिठाच्या पोत्यावर बसले.

"मी इकडे पाय झिजवतोय," ते हळू म्हणाले, "आणि तिकडे ती दिवस मोजतेय."

त्या दिवसापासून त्यांनी तोंडावर फडकं बांधलं आणि चव बघायचं काम पॅकिंगवाल्या बाईंकडे दिलं. काम सोडून देणं परवडणारं नव्हतं.

"बाई, क्रीम कसं आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे काय? आधी साखर लागते की लोणी?"

"दोघं हातात हात घालून आली, उस्ताद."

"बाई, नीट सांगा हो."

"नीटच सांगते. माझ्या जिभेला तुमच्यासारखी पदवी नाही."

एकदा क्रीममध्ये मीठ जास्त झालं आणि अख्खा घाणा परत आला. मालक भट्टीशी येऊन म्हणाला, "उस्ताद, एक बोट लावलं असतं तर काय बिघडलं असतं?" इतरांनी माना खाली घातल्या. उस्तादांनी फडकं काढलंही नाही. "माझं नाही बिघडलं असतं," एवढंच बोलले आणि ट्रे धुवायला गेले. परवापर्यंत ज्यांच्या 'थांबा'वर खोली थांबायची, त्यांना आता दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागत होतं. घरी आले की बायको पुढ्यात ठेवेल ते सगळं जेवायचे आणि पुलापर्यंत जाऊन यायचे.

बहीण खंगत चालली होती. एका झग्याला तिने दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. गिऱ्हाइकाने तो परत आणला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, मग उसवायला घेतला. वहिनीने हातातून काढून घेतला तर म्हणाली, "राहू दे गं. बसून तरी काय करू? दादाच्या पोटाची वाट बघू?"

तिसऱ्या स्कॅनला उस्ताद एकटेच गेले. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, जुना कागद काढून शेजारी ठेवला आणि पुन्हा पाहिला.

"उतरली. चालेल. पुढच्या आठवड्यात दोघांनाही दाखल करून घेऊ."

आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात फक्त बसावंसं वाटलं. बाहेरच्या बाकावर बसले, ते सफाईवाली पायांखालचं पुसून गेली तरी उठले नाहीत.

बहिणीच्या खोलीत शिरून त्यांनी सांगितलं, "घेतायत."

ती खिडकीशी पडून होती. हात टेकत उठली, मशीनखालून पांढऱ्या सुती कापडाचा गठ्ठा काढला.

"हे काय?"

"सदरे. पुढून उघडणारे. पोटावर टाके असले की डोक्यावरून कपडा घालता येत नाही. माझा झालाय. तुझा बेतला नव्हता."

"का?"

"का म्हणजे? कापड वाया गेलं असतं." ती दुसरीकडे बघत म्हणाली. मग गळ्यातली टेप काढली. "हात वर कर."

त्यांनी हात वर केले. ती टेप छातीभोवती फिरवताना थांबत होती, धापा टाकत होती, पुन्हा फिरवत होती. पोटाचं माप घेऊन तिने टेपकडे पाहिलं.

"किती आटलास रे दादा."

"लवकर कर. हात भरून आलेत."

"येऊ देत," ती म्हणाली आणि बाहीचं माप घ्यायला टेप त्यांच्या खांद्यावर धरली. "हलू नकोस."