ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड

“परातीएवढा व्हता! परातीएवढा! आन् तुम्ही मला मोहरी दावताय?”

न्हावऱ्याच्या चौकात आबा ओरडत होते. आवाज असा, की समोरच्या डेअरीतल्या कॅनची झाकणं उडाली. एक झाकण गडगडत माझ्या जीपखाली आलं, ते मीच काढून दिलं, म्हणून खात्रीनं सांगतो. आबांच्या समोर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ घरच्या स्वयंपाकाचा मिसळणाचा डबा उघडून उभे होते. डब्यात मसाले नव्हते. एका वाटीत खसखस, दुसरीत मोहरी, मग ज्वारी, तूर, हरभरा, वाटाणा.

“हात लांब करा आबा. एक डोळा मिटा. यातला कुठला दाणा चिमटीत धरला असता, तर तो उजेड झाकला गेला असता?”

आबांनी परातीचाच हट्ट धरला. तेव्हा गृहस्थांनी त्यांना हरभऱ्याचा एक दाणा दिला आणि आधी चंद्र झाकायला सांगितलं. पूर्वेला चंद्र नुकताच वर आला होता, चांगला भाकरीएवढा. आबांनी हात लांबवला आणि डोळा मिटला. अख्खा चंद्र हरभऱ्यामागं गेला होता. मग काय, डेअरीवर आलेलं सगळं गाव रांग लावून चंद्र झाकायला लागलं. तुम्हीही आज करून बघा. मी पहिल्यांदा केलं, तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

“थोडं थांबू,” गृहस्थ म्हणाले. अंधारून आलं, आणि आबांनी दाखवलेल्या जागी, बाभळीच्या शेंड्यावर, मावळतीला एक टपोरी चांदणी दिसू लागली. मोहरीमागं बरोबर झाकली गेली.

“ह्योच तो,” आबा पडेल आवाजात म्हणाले.

“हा शुक्र.”

“मग त्या दिवशी येवढा मोठा कसा दिसला?”

“त्या दिवशी तुम्ही एकटे होता.”

तर असे ते साहेब. नाव सांगत नाही, गरजही नाही. दौंडात निम्मे लोक त्यांना डायव्हरसाहेब म्हणत, कारण त्यांनी बरीच वर्षं मालगाड्या हाकल्या. उरलेले निम्मे तबकडीवाले म्हणत, कारण निवृत्तीनंतर ते उडत्या तबकड्या तपासत हिंडत. मी चौफुल्यापासून शिरूरपर्यंत वडाप जीप चालवायचो. आठ जणांची जीप. मी पंचवीस बसवायचो, आणि सव्विसावा आला तर तो मी स्वतः, टपावर. कुणी आकाशात काही पाहिलं, की निरोप माझ्याच जीपमधून चौफुल्याला आणि तिथून दौंडला पोचायचा आणि रविवारी साहेब माझ्याच जीपमधून यायचे. पुढची सीट त्यांची.

त्या काळात आपल्याकडं आकाशात काय कमी दिसायचं? पाटसच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की धुरावर दिव्यांचा उजेड पडून लालभडक ढग तयार व्हायचा. उसाच्या ट्रॅक्टरचे दिवे चढावर आले, की आभाळात टांगल्यासारखे वाटायचे. साहेब एकेक सोडवायचे. दोघांनी पाहिलं असेल, तर दोघांना एकमेकांशी बोलू न देता लांब लांब नेऊन विचारायचे. दोघांनी वेगळा दाणा उचलला, की पुढं चौकशी बंद. आणि प्रत्येकाला सुरुवातीलाच बजावायचे, “विचारलं तेवढंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही.”

हे वाक्य म्हणताना ते माझ्याकडं का बघायचे, कळायचं नाही. मी आयुष्यात पदरचं काही घातलेलं नाही. शिरूरच्या घाटाजवळ बिबट्यानं हात करून माझी जीप थांबवली होती, हे मी सांगतो ते तसंच घडलं होतं. भाडं दिलं नाही, एवढंच.

एकदा कासुर्डीच्या बाजूला गवताच्या रानात तबकडी उतरल्याची बोंब झाली. गुरांसाठी राखलेलं गवत, आणि मधोमध गरगरीत गोल सपाट झालेला. आम्ही पोचेपर्यंत तिथं हळदकुंकू, नारळ, उदबत्त्या झाल्या होत्या. गावानं माती तुडवून पीठ केली होती. मालक फुशारून हिंडत होता. साहेब गोलाभोवती फिरले, खाली बसले, एक करवंटी उचलली. खालून काहीतरी काढून चिमटीत धरलं आणि खिशात टाकलं. मग मान वर करून गर्दीत पाहिलं. मागच्या बाजूला खांद्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा मामा उभा होता. त्याचा चेहरा पार उतरलेला.

“साहेब, तबकडी उतरली का न्हाई, तेवढं सांगा,” मालक म्हणाला.

“नाही उतरली.”

मालकाचं तोंड पडलं. पुढं कुणी काही विचारलं नाही. जीपमध्ये बसल्यावर साहेबांनी खिशातून ती वस्तू काढून मला दाखवली. मेंढीची लेंडी. रात्री मुक्कामाला त्या घोंगडीवाल्या मेंढपाळ मामानं चुकून दुसऱ्याच्या राखणीच्या रानात वाघर लावली होती. जाळीच्या त्या गोल कुंपणात दोनशे मेंढरांनी रात्र काढली, गवत खाल्लं आणि पहाटे उठून गेली.

“मग सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“त्यानं तबकडीचं विचारलं होतं, मेंढरांचं नाही.” साहेब हसले. “गाडीवर असिस्टंट पोरं यायची, त्यांना मी पहिलं हेच शिकवायचो. विचारलं तेवढंच सांगायचं. माणूस वाचतो.”

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. हा माणूस प्रत्येकाची तबकडी खाली उतरवतो, आणि प्रत्येक वेळी परतताना स्वतःच उदास होतो. एका संध्याकाळी अख्ख्या दौंडानं मावळतीला एक पांढरा मणी लखलखताना पाहिला. तासभर तो हलला नाही. तेव्हा साहेब डबा उघडून भेटेल त्याच्यापुढं धरत होते. दुसऱ्या दिवशी पाटसजवळ उसात एक पेटी पडलेली सापडली. वर मराठीत छापलं होतं, की हा हैदराबादहून सोडलेला शास्त्रीय फुगा आहे, पेटी उघडू नये. फुग्याचा प्लास्टिकचा कागद लोकांनी आधीच कांद्यावर झाकायला नेला होता. साहेबांनी ती सूचना वाचली, पुन्हा वाचली आणि डब्याचं झाकण लावलं. घरात कुणी वारल्यावर माणूस दार लावतो तसं.

शेवटी पारगावच्या अलीकडे जीप पंक्चर झाली, तेव्हा चाक बदलता बदलता मला सगळं कळलं.

साहेब गाडीवर होते तेव्हाची गोष्ट. पहाट फुटत होती. पाटस मागं टाकून मालगाडी दौंडकडं निघालेली. समोर, टेलिफोनच्या तारांच्याही वर, एक तांबूस उजेड लटकलेला. आवाज नाही, हालचाल नाही. साहेबांनी ब्रेक मारला. गाडी थांबेपर्यंत उजेड नाहीसा झाला. मागच्या गाड्या खोळंबल्या. चौकशी झाली. साहेब आणि त्यांचा असिस्टंट, दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं.

“मी दिसलं ते सांगितलं. तो आत काय बोलला, मला कळलं नाही. निकाल तेवढा कळला. असिस्टंटनं ‘नाही’ म्हटलं.”

डोळे तपासले, डोळे ठणठणीत निघाले. तेच वाईट झालं. डोळे चांगले आणि उजेड नाही, म्हणजे डोकं. गाडीवरून उतरवून त्यांना ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवलं. त्यात कुणाचं चुकलं असंही नाही. गाडी विनाकारण थांबली होती.

“मला तबकडी नको आहे रे,” स्पॅनर माझ्या हातात देत साहेब म्हणाले. “मला एक माणूस हवा आहे. मी पाहिलं तसलं काहीतरी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं. एकच.”

तो असिस्टंट पुढं स्वतः ड्रायव्हर झाला. राहायला दौंडातच होता. दिवाळीला येऊन साहेबांच्या पाया पडायचा. मी म्हटलं, विचारा की त्याला सरळ. साहेब म्हणाले, “आणि तोंडावर ‘नाही’ म्हणाला, तर पुढच्या दिवाळीला मी काय करू?”

आता पुढचं सांगतो, ते जपून ऐका.

हिवाळ्याचे दिवस. दिवेलागणीच्या वेळी आम्ही दोघंच शिरूरहून परतत होतो. भीमेच्या पुलावर आलो आणि साहेबांनी माझं मनगट धरलं. पाण्याच्या वर, बऱ्याच उंचीवर, तांबूस उजेड. स्थिर. मी इंजिन बंद केलं. आवाज नाही. नदीवरून वारा पूर्वेकडं वाहत होता. उजेड हळूच पश्चिमेकडं सरकला, पुन्हा थांबला. मग कंदिलाची वात कुणी खाली करावी तसा बारीक होत होत विझला.

एवढंच. यात बिबट्या नाही. मला काही जोडताही येत नाही. नंतर पुष्कळ विचार केला. विमान म्हणावं तर आवाज हवा, फुगा म्हणावा तर वाऱ्याबरोबर जायला हवा, शुक्र म्हणावा तर तो पलीकडं वेगळा दिसतच होता. काय होतं, देव जाणे. आणि कधी कधी वाटतं, त्यालाही ठाऊक नसावं.

साहेबांनी मला एक शब्द बोलू दिला नाही. पुलाच्या त्या टोकाला नेऊन उभं केलं, आपला दाणा मुठीत घेऊन डबा माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून स्वतः या टोकाला गेले. मी अंधारात चाचपून एक दाणा घेतला. परत आलो. त्यांची मूठ आधीच वळलेली होती. दोघांनी जीपच्या दिव्यासमोर मुठी उघडल्या.

ज्वारी. आणि ज्वारी.

साहेब पुलाच्या कठड्याला टेकले. मला वाटलं, रडणार. तर माझ्याकडं बघून ते हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, मी पाठ चोळली.

“इतक्या वर्षांनी साक्षीदार मिळाला,” ते म्हणाले, “तो तू!”

मीही हसलो. काय करणार? दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी सांगायला तोंड उघडलं, तर लोकांनी आधीच विचारलं, बिबट्या तबकडीतून आला होता का. मी शपथ घेतली. शपथेवर तर टाळ्या पडल्या. साहेबांनी निरोप धाडला, कुणाला सांगू नको, तू सांगशील तेवढं ते खोटं होत जाईल.

त्यानंतर त्यांनी चौकशा कमी केल्या. रविवारी पुढच्या सीटवर बसायचे ते नुसते फिरायला. उदास मात्र दिसले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

दहाव्याला मी गेलो. साहेबांच्या बायकोनं, काकूंनी, मिसळणाचा डबा घासून पुन्हा स्वयंपाकघरात घेतला होता. त्यात हळद, तिखट, जिरं. मोहरी तीच ठेवली, म्हणाल्या, चांगली होती.

दारात चपला घालताना तो असिस्टंट भेटला. आता त्याचेही केस पिकलेले. मला राहवलं नाही. त्याला बाजूला घेऊन पुलावरचं सगळं सांगितलं, ज्वारीच्या दाण्यासकट. वाटलं, हसेल. हसला नाही. वाकून चपलेचा अंगठा नीट केला.

“तांबूस व्हता ना?” त्यानं विचारलं.

मी त्याचा हात धरला. “म्हणजे तुम्हालाही दिसला होता? मग चौकशीत ‘नाही’ का म्हणालात?”

“त्यांनी इचारलं, रुळावर काय व्हतं का,” तो म्हणाला. “रुळावर काय नव्हतं.”