समितीचा मसुदा आणि आत्याचा फोन

सरकारच्या तज्ज्ञ समितीवर नेमणूक झाल्याचं पत्र आलं, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे आता तू सरकारला अक्कल शिकवणार!" मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहून केस पांढरे केलेली बाई, पण त्या दिवशी शाळेत पहिला नंबर आल्यासारखी हवेत होते, हे कबूल करते.

कंत्राटी कामगारांची नोंदणी मोबाइलवरून व्हायची होती. नोंद झाली की दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं. या नोंदणीचे नियम कसे असावेत, हे आम्ही पाच संगणकवाल्यांनी सांगायचं. ठेकेदार एकाच फोनवरून खोटी नावं घुसडतात, म्हणून मी कलम सुचवलं: एका नंबरावर एकच कामगार. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं नेटकं कलम आपल्या हातून उतरलं याचं मला भारी कौतुक वाटलं.

शेवटच्या बैठकीआधीच्या रविवारी इंग्रजी मसुदा घेऊन सांगवीला अण्णांकडे गेले. "वाच," ते म्हणाले. "आणि मराठीत वाच."

ही त्यांची जुनी खोड. पिंपरीच्या कारखान्यात ते युनियनचं काम बघायचे. पगारवाढीच्या करारावर सही होण्याआधी तो गेटवर उभं राहून मोठ्यानं वाचायचे. पहिली शिफ्ट सुटलेली, दुसरी आत जायची, सगळे धुळीतच बसलेले. त्यांचा डबा घेऊन गेलेली मी कडेला उभी असायचे. कुणीही हात वर करून "नाही कळलं" म्हणायचं आणि अण्णा तिथंच थांबून पुन्हा समजावायचे. घरी आमच्यावर डाफरणारा हा माणूस तिथं कुणाला कधी हसला नाही. आता त्या जागी उंच इमारती आहेत. मी रोज कॅबमधून तिथून जाते आणि तो तेलाचा वास अजून शोधते. फार आठवण येते त्या गेटची.

तर मी वाचायला लागले. आत्या शेजारी मेथी निवडत बसली होती. ती आणि तिचे यजमान, दोघंही चाकणच्या एका कंपनीत ठेक्यावर, ती साफसफाईला. माझं लाडकं कलम ऐकलं आणि तिचा हात थांबला.

"आमच्यात फोन एकच हाय. त्यावर ह्यांचं नाव लागंल. मग माझी नोंद न्हाई व्हायची?"

"होईल की. दुसरा नंबर घ्यायचा."

"ह्यांनी घेऊ दिला असता, तर आत्तापतोर घेतला नसता व्हय?"

अण्णांनी खिशातली पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

बैठकीत मी कलम बदला म्हटलं. अध्यक्ष सभ्य गृहस्थ. "अशी उदाहरणं थोडीच असतात, मॅडम. टिपण द्या, जोडून टाकू." मी टिपण दिलं. ते अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलं गेलं आणि कलम जसंच्या तसं राहिलं. सही मीही केली. इतकी मोठी माणसं, त्यांच्यापुढे आडमुठेपणा नको वाटला. आज त्या सहीची लाज वाटते. नियम लागू झाला तोवर अण्णा गेले होते, नाहीतर त्यांना तोंड दाखवणं जड गेलं असतं.

नोंदणी सुरू झाल्यावर मी आत्याला माझा जादाचा नंबर दिला. माझ्याच नियमाला मीच पहिली पळवाट काढली. कार्ड आलं, आत्या खूश झाली, मलाही जरा हलकं वाटलं.

पुढच्या रविवारी ती माझ्या घरी आली, तिच्या शिफ्टच्या चौघी बायकांना घेऊन. चपला बाहेर काढून त्या सोफ्याच्या कडेवर अवघडून बसल्या. मी चहा टाकला. माझ्याकडे आता एकही नंबर उरला नव्हता.

"ह्यांचंबी तेवढं करून दे की," आत्या कौतुकानं म्हणाली. "म्या सांगितलंय ह्यांना, नियम आमच्याच पोरीनं केलाय."