मांडीवरचा वरवंटा

बाळ माझ्या हाती आलंच नाही.

मालगुजारांच्या घरी नातवाचं बारसं होतं. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण पांढुर्ण्यात त्यांना अजून मालगुजारच म्हणत. त्यांचं बोलावणं आलं की जावंच लागे. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका बसलो होतो. रीत अशी की आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून, वरून हातोहात फिरवायचा, मग तसंच बाळाला. वरवंटा फिरून झाला. बाळ निघालं. बायकांची थट्टा चालली होती, पोरगं जन्मलं नागपूरच्या राज्यात अन् नाव ठेवून राहिले भोपाळच्या राज्यात, आता हे मराठीत रडते का हिंदीत. आमचा भाग नुकताच नागपूरच्या राज्यातून भोपाळच्या राज्यात गेला होता. मीही हसले. शेजारणीकडून बाळ घ्यायला हात पुढे केले.

"थांब वो," मालगुजारीणबाई तिला म्हणाल्या. बाळ त्यांनी स्वतः घेतलं आणि मला ओलांडून पलीकडच्या बाईला दिलं. मग कुंचीतला वरवंटा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"मास्तरीनबाईले हाच असू द्या. दगडाच्या गोट्याले नजर लागत नाही."

साऱ्या हसल्या. द्वेषानं नाही, सवयीनं. ते जास्त लागलं.

मी वरवंटा पलीकडे सरकवायला गेले. त्या बाईनं हात पदराखाली घेतले. बाळाचं नाव ठेवून होईपर्यंत तो माझ्या मांडीवरच राहिला. टोपडं घातलेला दगड. आधी गार होता. नंतर माझ्याच उबेनं कोमट झाला.

घुगऱ्या पदरात घेतल्या आणि घरी आले.

मला मूल पाहिजे. तेव्हा पाहिजे होतं, आजही पाहिजे. हे असं लिहिताना संकोच वाटतो, पण लपवलं तर पुढचं सारं खोटं होईल. वडील गेल्यावर धाकट्या भावांना शिकवता शिकवता माझं लग्नाचं वय निघून गेलं. जाम नदीपलीकडे सावरगावच्या शाळेत मी शिकवायला लागले. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बरोबरीच्या काही जणी सुना पाहत होत्या. आता नोकरी करून बाहेरून बी.ए. करते. आमच्या घरात कॉलेजची पुस्तकं उघडणारी मी पहिली. सासू म्हणते, वाचून वाचून बाईची कूस आटते.

पाळी लांबली की मी जपून चालायची. नदीतल्या दगडांवर पाय सांभाळून टाकायची. कुणाला काही सांगायची नाही. मग पाळी यायची. बाहेर बसावं लागायचं. मी ओट्याच्या कोपऱ्यात बसलेली दिसले की साऱ्या आळीला कळायचं, याही महिन्यात नाही.

त्या दिवशी बारशाहून आल्यावर मी चटणी वाटायला बसले. हातात आमच्या घरचा वरवंटा. सासू जवळ येऊन बसली. तिला माझी दया आली असावी.

"मनाले नोको लावून घेऊ," ती म्हणाली. "थोरलीलेबी मालगुजारीणबाईनं असाच वरवंटा देल्ला होता."

थोरली म्हणजे यांची पहिली बायको. बरीच वर्षं नांदली, तापानं गेली. गेली तीही वांझ म्हणूनच. मी तिला पाहिलं नव्हतं. घरात तिचा फोटोसुद्धा नाही.

माझा हात थांबला.

दोन बायका. नवरा एकच. दोघींच्या मांडीवर तोच दगड. आणि मधल्या माणसाकडे कुणाचं बोट नाही. आता सासूच्या मनात मोहगावची एक मुलगी होती. थोरलीनंतर मी, माझ्यानंतर ती.

नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना मी एकटीच दाखवून आले होते. तुमच्यात दोष दिसत नाही, त्या म्हणाल्या होत्या, वय झालंय पण वेळ गेलेली नाही, पुढच्या खेपेला नवऱ्याला आणा. ते वाक्य मी घरात उच्चारलं नव्हतं. त्या संध्याकाळी हे सौसरच्या कचेरीतून आले. मी चहा दिला आणि बोलले.

"तुमी माह्यासंग नागपूरले चला. तुमालेबी दाखवू."

"माणसाले कोनी दाखवते काय? लोक हासतीन."

"लोक मले हासूनच राहिले."

हे उठून गेले. हे वाईट माणूस नाहीत. ते वाईट असते तर लिहायला सोपं गेलं असतं.

बागांमधली संत्री उतरत होती तेव्हा मालगुजारांच्या लेकीच्या बाळाचं बारसं आलं. सासू म्हणाली, तू राहू दे. मी गेले. पाळण्याशी बसले. कुंचीतला वरवंटा फिरत फिरत माझ्याकडे आला. मी पुढे दिला नाही. कुंचीची नाडी सोडली, घडी करून पाळण्यात ठेवली. वरवंटा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या पाट्यावर ठेवला. परत येऊन जागेवर बसले.

"त्याची जागा तिथं हाये, मालगुजारीणबाई. आता लेकरू फिरवा. माह्या हातून जाईन, नाही तं मी उठतो."

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, नजर लागली तं?

"काहून, माह्या एकटीचीच लागते? लेकरू तं आमा दोघायलेबी नाही."

सासूनं पदर तोंडावर ओढला. मालगुजारीणबाईंनी बाळ छातीशी धरलं. ते माझ्याकडे आलं नाही. मी उठले. घुगऱ्या घेतल्या नाहीत.

हे अजून नागपूरला आलेले नाहीत. मी पुन्हा विचारते. विचारत राहणार. आम्ही अजून वाट पाहतो, पाळी अजून येते, आणि आली की मी रडते. पण ओट्यावर बसत नाही. लुगडं नेसून नदी ओलांडते आणि शाळेत जाते. आळीला माझा महिना मोजू देत नाही.

मला मूल झालं तर त्याच्या पाळण्याशी विधवा बसतील, मूल नसलेल्या बसतील, आणि ते साऱ्यांच्या हातून फिरेल. नाही झालं, तरी मोहगावच्या मुलीला मी या घराचा उंबरठा ओलांडू देणार नाही. सवतीच्या रागानं नाही. तिच्यासाठी काय ठेवलंय ते मला माहीत आहे. थोरलीला सांगायला कुणी नव्हतं. हिच्या बापाच्या दारात मी स्वतः जाऊन सांगेन, तिच्यासमोर, यांचं नाव घेऊन.

त्या दगडाला तिसरी मांडी मिळणार नाही.