अहो, ओरिजिनल राहिलं!

परवा मंगळवारी माझा इंटरव्ह्यू होता. सदाशिव पेठेतला एक क्लास, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं काम. निघण्याआधी मी फाइल तीन वेळा उघडून पाहिली... सर्टिफिकेटं एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला. चौथ्यांदा रिक्षात पाहिली.

आधीच्या चार ठिकाणी "कळवतो" म्हणाले होते आणि कुणीच कळवलं नव्हतं. याही वेळी नाही जमलं तर शिकवायचा नाद सोडणार, असं मी घरी सांगून टाकलं होतं. सांगितलं तेव्हा सोपं वाटलं... क्लासचा जिना चढताना मात्र नाही.

क्लास एका निवृत्त शिक्षिकेचा. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी चिठ्ठ्यांची वाटी पुढे केली.

"एक उचला. त्यावर पंधरा मिनिटं शिकवायचं. फोन इथे ठेवा, इंटरनेटला नोकरी द्यायची नाहीये आम्हाला."

मी सगळे काळ घोकून गेले होते. चिठ्ठीत निघाला एक शब्द... ओरिजिनल. अर्थ आणि वापर.

समोर चाळीसेक मुलंमुली, शेवटच्या बाकावर मोठ्या बाई, हातात लाल पेन. मी फळ्यावर शब्द लिहिला. ओरिजिनल म्हणजे नवीन, आधी कुणी न केलेलं, असं सांगितलं. दोन वाक्यं लिहून दिली. चौथ्या मिनिटाला माझ्याकडचं सगळं संपलं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, एक शंका हाय. निबंधात ओरिजिनल लिहा म्हणत्यात, म्हंजे नवं. आन् कागदपत्रं तपासायला ओरिजिनल आणा म्हणत्यात, तवा माझं पिवळं पडलेलं सर्टिफिकेट न्यावं लागतं. मग ओरिजिनल म्हंजे जुनं का नवं?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. थातुरमातुर काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण ते मला जमत नाही... रात्रभर झोप लागत नाही मग.

मी फळ्यावरच्या शब्दाकडे वळून पाहिलं. आणि मला बिस्किटांचा डबा आठवला.

कसबा पेठेत माझ्या अब्बांचं झेरॉक्सचं दुकान आहे. लहानपणी मला दमा होता, त्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. अब्बांनी मला काउंटरमागच्या स्टुलावर बसवून शिकवलं... मराठी, इंग्रजी, सगळं, काळ्या पडून वाया गेलेल्या कॉप्यांवरून.

मशिनशेजारी तो डबा असायचा आणि त्यावर अब्बांच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असायचं, ओरिजिनल. मी वाचलेला पहिला मोठा इंग्रजी शब्द. लोक घाईने कॉप्या घेऊन जातात आणि मूळ कागद मशिनच्या काचेवरच राहतो. मग अब्बा दारात धावतात, "अहो काका, ओरिजिनल राहिलं!" जो माणूस सापडत नाही, त्याचा कागद डब्यात.

मी हे सगळं वर्गाला सांगितलं. अब्बा झेरॉक्सवरून झेरॉक्स काढायला नाराज असतात, हेही सांगितलं. फिकट येते, मग त्या फिकट कॉपीची आणखी फिकट. "ओरिजिनल आणा," म्हणतात. कुणी आजोबांच्या वेळचा दाखला आणतं, कुणी तिथेच काउंटरवर उभं राहून अर्ज लिहितं. अब्बांना दोन्ही सारखेच.

"म्हणजे वयाचा संबंधच नाही," बोलता बोलता मलाच उमगत गेलं. "दुसऱ्या कशावरून उतरवलेलं नाही, एवढंच. मग तो कागद असो, नाहीतर डोक्यातली कल्पना."

ती मुलगी जवळजवळ उठून उभीच राहिली. "म्हंजे जिथनं झेरॉक्स सुरू होती, त्ये ओरिजिनल!"

मी तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. त्यानंतर वर्ग थांबेना. एकाने सांगितलं, त्याच्या गावच्या ऑफिसात "ओरिजिनल झेरॉक्स" मागतात... ती कशी असते? सगळे इतके हसले की मला डस्टर आपटावं लागलं. मी! डस्टर!

पंधराची पंचवीस मिनिटं झाली, मोठ्या बाईंनी थांबवलं नाही.

नंतर त्यांच्या टेबलावर सर्टिफिकेटं मांडली. त्या तपासत असताना मला राहवेना. म्हटलं, "बाई, एक सांगायचंय. ते उदाहरण माझं नव्हतं, अब्बांचं होतं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं मग? अब्बांना नोकरी देऊ?"

मी घाईघाईने फाइल आवरायला लागले.

"सोमवारपासून या. वेळेवर."

जिना मी कसा उतरले आठवत नाही. खाली रस्त्यावर पोचले आणि वरून खिडकीतून खणखणीत आवाज आला. तीच मुलगी, हातात माझं डिग्री सर्टिफिकेट...

"ओ मॅडम! तुमचं ओरिजिनल राहिलं!"

चार वेळा तपासलेली फाइल! मी भर रस्त्यात हसत सुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

थेट दुकानात गेले. अब्बांना सगळं सांगितलं, तेव्हा ते डब्यावरची धूळ पुसत म्हणाले, "बघ, तुलाही कुणीतरी हाक मारलीच."

अब्बा, ती हाक मी तुमच्याकडूनच शिकलेय. सोमवारपासून वर्गात रोज मारणार... दुसऱ्याचं उतरवून निघालेल्या प्रत्येकाला.